बेगड

अग्रलेखात आज तीनदा आलंय:
बेगडी आश्वासनं, बेगडी कळवळा,
आणि शेवटून दुसऱ्या ओळीत नुसतंच, बेगड उतरलं.
रात्रीचे साडेअकरा. पान माझ्यासमोर.
मुद्रितशोधकाला अर्थाशी देणंघेणं नसतं.
काना-मात्रा बघायची, सही करायची.

पण नाना बेगड कापायचे.
भुलेश्वरात, फुलवाल्यांच्या पाठच्या माळ्यावर,
मे महिन्यात, पंखा बंद करून.
पंखा लावला की सगळं सोनं उडून भिंतीला,
म्हणून आम्ही घामाने निथळत बसलेलो,
आणि कुणाला शिंक आली तर जिन्यात पळायचं.
"श्वास खाली सोड गं," म्हणायचे,
"पानावर नको."

लग्नसराईत बाशिंगं.
श्रावण सरता सरता मखरांचे खांब, मुकुट,
उंदराच्या गळ्यातली माळसुद्धा.
मोहरमच्या आधी डोंगरीहून युनूसभाई,
ताबुतासाठी हिरवं रोखीने,
रुपेरी उधार.
आणि परळचा एक राजा यायचा,
एरवी मिलमध्ये जॉबर,
लाकडी तलवार काखेत धरून,
पातं मढवायला.

मी आठ वर्षांची. नव्या फ्रॉकसाठी भोकाड पसरलं
तर आत्या म्हणाली, हिनं आत्तापासूनच
गुडघ्याला बाशिंग बांधलंय.
नानांनी माप घेतलं,
आणि खरोखरच एक बांधलं,
खरचटलेल्या डाव्या गुडघ्यावर, झुरमुळ्यांसकट.
दोन दिवस मी पाय वाकवला नाही.

एकदा एक गिऱ्हाईक, बोटभर अंगठ्यांचं,
मुकुट उलटासुलटा करत म्हणालं,
"शेवटी खोटंच ना हे?"
नानांनी कात्री थांबवली नाही.
"खोटं असतं," म्हणाले,
"तर महाग विकलं असतं."

कोशात दोन अर्थ दिलेत.
पहिला नानांचा, दुसरा अग्रलेखाचा.
मधे फक्त एक अर्धविराम.
तो कुणी, कधी टाकला, ठाऊक नाही.
बाशिंग तर कुणालाच फसवत नव्हतं,
नवऱ्या मुलाला नाही, त्याच्या घोड्यालाही नाही.
दुसऱ्या दिवशी ते खुंटीवर,
आणि संसार त्याच्याशिवायच चालायचा.

संपादक घरी गेलेत. अर्थ बदलायचा
मला हक्क नाही, आणि बदलून
लिहायचं तरी काय?
दुसऱ्या परिच्छेदात बेगडिची वेलांटी
पहिली पडली होती,
ती दुसरी केली.
सही केली.
पान पाठवायच्या आधी उठले
आणि का कोण जाणे,
पंखा बंद केला.