बिनपाण्याने

दाढी ना? बसा. मान मागे.
दोन दिवस कुणाशी बोललो नाही,
तुम्ही सापडलात.

तो फोटो? हो, उलटा टांगलाय.
मागचा पुठ्ठा बरा.
पुठ्ठा हरल्यावर हसत नाही.

मागल्या वर्षी पोरांची रांग लागायची इथे,
पार निल्वलाच्या पुलापर्यंत.
‘कॅप्टनसारखे कापा, कानावर तीन रेषा.’
माताऱ्यातल्या निम्म्या डोक्यांवर
त्याच्या रेषा मी ओढल्या, याच वस्तऱ्याने.
आता तीच पोरं येऊन विचारतात,
मामा, पुसता येतील का?
पुसता नाही येत रे.
वाढू द्याव्या लागतात.
मामा म्हणतात मला. बरोबरच आहे,
मामा तर बनवलाच त्याने आम्हा सगळ्यांना.

पत्रकारांपुढे बसून म्हणतो, शिकतोय आम्ही.

माझा हा थिलिण बघा, तो टॉवेल पिळतोय तो.
पहिल्याच आठवड्यात सोमदास मुदलालींचा कान कापला,
रक्त बघून स्वतःच खाली बसला.
पुन्हा कुणाचा कान गेला नाही.
आणि हा, चौथ्यांदा,
त्याच बाहेर जाणाऱ्या चेंडूला बॅट लावतो,
त्याच माणसाच्या हातात झेल देतो,
मग ग्लोव्ह काढत खेळपट्टीकडे असा बघतो
जशी तिनेच याच्या घरातली भांडी नेली.

वर म्हणाला,
चांगलं तेवढं सोबत घेऊन पुढे जाऊ.
दाखव ना पिशवी. काय घेतलंस?

बोर्डाने समिती नेमली.
समितीने कोच बदलला.
कोचने म्हणे जर्सीचा निळा थोडा गडद केला.

पेट्रोलच्या रांगेत दोन रात्री काढल्या होत्या आम्ही,
रिक्षा हाताने ढकलत, डास मारत.
एका पुढे घुसणाऱ्याचं डोकं फुटलं.
पण कुणाच्या फोनवर सामना लागला
की ज्याच्याशी भांडलो त्याच्याच खांद्यावर
हनुवटी टेकून बघायचो.
तेवढंच मागतोय हो.
जिंका, असं म्हणत नाही मी.
हरताना दुसरी स्लिप तरी ठेवा.
घाबरून सीमारेषेवर कसली राखण करता?
चोर घरात शिरलाय
आणि हे कुंपणाला टेकून उभे.

गाल फुगवा जरा. हं.

परवा शपथ घेतली.
विहारात जाऊन वगैरे नाही,
इथेच, नळाखाली हात धुताना.
पुन्हा बघणार नाही.
सामना न्यूझीलंडात, आपल्याकडे पहाटे साडेतीन,
म्हणजे शपथ पाळायलाही सोपी.
गजर लावला नव्हता, खरंच.
लघवीला उठलो
तर बाहेरच्या खोलीत निळा उजेड.

करुणावती बसलेली. टीव्हीचा आवाज बंद,
मांडीवर लसणाची परडी,
साली जमिनीवर.
एकेचाळीस वर्षांत हिने मला
कधी धावा विचारल्या नाहीत.
मी दारातच थांबलो.
मागे न बघता म्हणाली,
‘स्लिप काढली त्याने दुसरी.
चौथ्याच षटकात.’

आणि एक लसूण अशी सोलली
की तिचं काही उरलंच नाही.

हलू नका.
काय झालं? जळतंय?
अरे थिलिण,
पाणी लावायचंच राहिलं की यांना.