बारीक लतीफ

रुवीच्या लाल बसमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर एक टीव्ही आहे
आणि त्या टीव्हीत एक गाय.
काळा चष्मा लावून ती जेट-स्कीवरून येते,
मतरहच्या समुद्राचा फेस उडवत,
हातात (हो, हातात) ताकाचा गार पेला.
मागून पाच वासरं टाळ्या पिटत गातात:
‘लबन रीफ, बारिद व लतीफ!’

असं ती गातात म्हणे.
मला पहिल्या दिवसापासून ऐकू आलं ते
‘लबाड रीफ, बारीक लतीफ.’

आता आमच्या बिल्डिंगखाली खरोखरच एक लतीफ आहे.
कासरगोडचा. कॅफेटेरिया त्याचा.
पराठा थापटताना आधी त्याचं पोट काउंटरवर येतं,
सलाम मागून.
बारीक म्हणावं असं त्याच्यापाशी एकच,
उधारीच्या वहीतलं अक्षर.

झालं! चहाला गेलो की गाय आठवे,
गाय दिसली की लतीफ.
ऑफिसात वादी कबीरच्या गटारांचा नकाशा काढताना
साहेब पाठीशी उभे आहेत हे विसरून
मी वासरांच्या वरच्या पट्टीत सुरू केलं.
साहेब सोहारचे, गंभीर गृहस्थ.
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
परत घातला,
आणि दुसरी ओळ म्हटली.

(दुसरी ओळ मला अजून कळलेली नाही.
तिच्यात कुठेतरी पाटील येतात.)

शेवटी मयेकरनं घाण केली.
खोलीत आम्ही चौघं, अरबी येतं त्याला एकट्याला.
‘अरे, बारिद म्हंजे थंड. लतीफ म्हंजे बरां, छान.’
एवढंच?
थंड आणि छान?
एवढ्यासाठी ती बिचारी जेट-स्की शिकली?
मी त्याला सांगितलं, तुझा अर्थ तुझ्यापाशी ठेव.
तसाही हा माणूस दुकानात कुणी ‘दूध माफी’ म्हटलं की
‘माफी म्हंजे नाय, संपला’ असं समजावत बसतो.
मी मात्र दर वेळी त्या दुधाला
मनातल्या मनात क्षमा करून येतो.

कणकवलीला मुलीनं ते फोनवर ऐकलं,
वर्गात पसरवलं.
बाईंनी विचारलं, कुठल्या धड्यातलं गं हे?
ती म्हणाली, बाबांच्या ऑफिसातलं.

मग रमजान आला आणि जाहिरात बदलली.
आता व्हायोलिन वाजतं,
एक आजोबा खजुराकडे बघतात,
पांढरी धार पेल्यात पडते, अगदी सावकाश,
जशी कुणी कर्ज मंजूर करावं.
गाय नाही. वासरं नाहीत.
बहुतेक व्हिसा रद्द झाला.
पाच पोरांना घेऊन बाई कुठे गेली असेल,
जेट-स्की कंपनीची होती की तिची स्वतःची,
असले प्रश्न रुवीच्या उन्हात, सिग्नलला थांबलेल्या बसमध्ये पडतात
आणि शेजारच्या प्रवाशाला विचारता येत नाहीत.

त्याच सुमारास लतीफ दोन महिने गावी जाऊन आला.
मी आधी ओळखलंच नाही.
शर्ट तोच, आत निम्मा माणूस.
‘शुगर,’ तो म्हणाला, ‘डॉक्टरनं सब बंद किया.’
समोर साक्षात बारीक लतीफ उभा,
आणि माझ्या घशातून सूर निघेना.
खरं झाल्यावर ते गाणं
एकदम कुणाच्या तरी रिपोर्टसारखं वाटलं.

काहीतरी बोलायचं म्हणून ताक मागितलं.
त्यानं फ्रिज उघडला, वाकून पाहिलं
(आता त्याला वाकता येतं).
‘लबन माफी.’
‘दिली,’ मी म्हणालो.

त्याला कळलं नाही. तरी हसला.
मग आम्ही दोघांनी बिनसाखरेचा चहा घेतला.
त्याचा वाईट होता.
माझाही.