आधी चढ

आमच्याकडे या गाडीला गोइतिबेहेरा म्हणतात.
गोइति म्हणजे वर, बेहेरा म्हणजे खाली.
नावातसुद्धा चढ आधी येतो.
लोक विसरतात. फोटो सगळे उताराचेच निघतात.

तीन फळ्या, तीन चाकं.
चाकं म्हणजे नुसती बॉलबेअरिंगं, रबराबिबराशिवाय,
कारखान्याच्या भंगारातून उचललेली.
फोरमन गोरकाने बघून न बघितल्यासारखं केलं.
बेन्यातने स्वतःची गाडी स्वतः जुळवली.
वेल्डिंग तेवढं माझं,
तेही तो काळी काच डोळ्यांवर धरून शेजारी उभा:
"आई, इथे अजून एक टाका घाल,"
शिंप्याला सांगावं तसं.
माझ्या गाडीला बैठक वॉशिंग मशीनच्या झाकणाची.
सतरा वर्षं अशी झाकणं दाबून काढतेय प्रेसखाली,
एकावर बसायचा हक्क आहे मला.

शर्यत वरच्या चॅपलपासून खाली
पेलोटाच्या भिंतीपर्यंत. पन्नास सेकंद, फार तर साठ.
आणि त्यासाठी वीस मिनिटं दोरी खांद्यावर टाकून
गाडी ओढत न्यायची, मान खाली, डांबराकडे बघत.
कुणी काही सांगायचं असेल तर याच वेळी सांगतं.
तोंड दिसत नाही ना.

तिसऱ्या वळणावर, जिथे गवताचे भारे रचलेत,
बेन्यात म्हणाला, "सप्टेंबरपासून मी
बाबांकडे राहीन म्हणतो. बिल्बाओला.
तिथली शाळा जरा..."
शाळा जरा काय, ते तो बोललाच नाही.
मी म्हटलं, "दोरी सैल सोडू नकोस, गाडी मागे जाईल."
मी खरंच दोरीबद्दल बोलत होते.

वर हवा होती. मेंढ्या होत्या,
त्यांना आमचं काही पडलेलं नव्हतं.
शेजारच्या मिरेनने दोन्ही हेल्मेटांवर टपली मारली
आणि शिट्टी झाली.

बेअरिंगांचा आवाज ज्याने ऐकला नाही
त्याला काय सांगू. पत्र्यावर कुणी
पोतंभर चमचे ओतावेत, आणि ओतत राहावेत.
दातांत शिरतो. कण्यातून वर चढतो.
आपण जमिनीपासून चार बोटांवर, आणि कुंपणं
बाजूने फाडल्यासारखी मागे जातात.
दुसऱ्या वळणापर्यंत मी पुढे होते. हे लिहून ठेवते.
तो आतल्या बाजूने आला,
अंग अख्खं बाहेर टाकून, कोपर रस्त्याला टेकेल इतकं,
त्याच भाऱ्यांपाशी, तिसऱ्या वळणावर.
बघितलं नाही माझ्याकडे. बघायचं नसतंच.
हेल्मेटखालून मानेवरचे केस दिसले,
बुधवारी मीच कापलेले, डावीकडे वाकडे.

लोक म्हणाले, पोरासाठी मुद्दाम हरली.
नाही. मी ब्रेक ओढला कारण मला भीती वाटली.
टायरच्या तुकड्याचा जळका वास
संध्याकाळपर्यंत हाताला होता.

खाली माइकवाल्याने माझं नाव चुकीचं घेतलं.
कुणीतरी पावात घातलेलं आमलेट हातात कोंबलं.
बेन्यात कप घ्यायला गेलाच नव्हता.
तो माझ्या गाडीपाशी उकिडवा बसून
चाक एका बोटाने फिरवत होता, कान लावून.
"डावं ओरडतंय. ग्रीस कधी घातलंस?"
"गेल्या महिन्यात."
"दर आठवड्याला घालायचं. मी नसलो तरी..."
आणि थांबला. बोट चाकावर तसंच.
चाक मात्र बराच वेळ फिरत राहिलं.

मग दुसऱ्या फेरीचा पुकारा झाला.
माझ्या दोरीची गाठ त्याने सोडली,
नव्याने बांधली, ओढून बघितली, परत बांधली.
मी अर्धं आमलेट त्याला दिलं.
वर जायला वीस मिनिटं होती.