गार

कोशात शब्द सापडला. पानाचा कोपरा कोणीतरी खाल्लेला.
गार, विशेषण : थंड.
गार, स्त्रीलिंगी : आभाळातून पडते ती.
आणि खाली, बारीक टाइपात, पुन्हा गार :
पांढरा कठीण दगड, चकमकीचा.
व्युत्पत्तीपुढे प्रश्नचिन्ह.
ग्रंथपाल बाईंनी पंखा बंद केला. पाच वाजले होते.

भवानी पेठेत शरीफ तांबोळी बरफ विकतो.
बरफ. फारसीतून इथवर चालत आलेला शब्द,
वाटेत जोडाक्षर सैल झालं, त्याने ते पुन्हा आवळलं नाही.
गोणपाट सारून, भुसा झटकून
गिऱ्हाइकाला एवढंच विचारतो :
सरबताला की मयताला?
सरबताला फोडून देतो,
मयताला अख्खी लादी.

त्या एप्रिलात मी म्हणाले, अख्खी.
त्याने नोटा मोजल्या नाहीत.
रिक्षात लादी पायाशी. टिंबर मार्केटच्या वळणावर सरकली,
घोट्याला टेकली
आणि भाजलं.

तात्या फरशीवर. भाऊ मस्कतहून निघालेला.
धोंडाबाईंनी तळपाय चाचपले, म्हणाल्या,
"गार पडले गं."
यातला कुठला गार, मी मनात विचारत बसले
रडायचं सोडून.

कारण तात्या वेल्ह्याकडचे, मेंढरांमागे वाढलेले,
मग बत्तीस वर्षं खडकीला बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळी.
अंगाला अमोनियाचा वास, बंडीच्या खिशात
गारगोटी, पोलादाचा तुकडा, नळीत कापूस.
"काडेपेटी सादळते. दगड सादळत नाही."
लाद्यांच्या दाराशी उभं राहून
गारेवर पोलाद आपटायचे,
बिडी पेटायची.

दुपारी तीनला पत्रा वाजला. आधी चारदोनदा,
मग एकदम.
पोरं वाट्या घेऊन पळाली, गारा गारा ओरडत.
धोंडाबाईंचा नातू एक मोठी मुठीत धरून आत आला
तात्यांना दाखवायला, दर वेळेसारखी,
आणि दारात थांबला.
लादीचं पाणी उंबऱ्याकडे निघालं होतं.
ते ओलांडून त्याने गार
लादीवरच ठेवली. हात चड्डीला पुसला.

बंडी मी अजून धुतली नाही.

आज त्या प्रश्नचिन्हाशेजारी
पेन्सिल टेकवली होती.
उचलली.
पुस्तक ग्रंथालयाचं आहे,
आणि बाई बघत होत्या.