सात दिवसांत परत

भास्करनं तो बर्डीवरून आणला ऑटोत,
शेजारी उभा धरून, दोन्ही हातांनी,
दवाखान्यातून माणूस घरी आणावा तसा.
"अठ्ठावीसचा साडेसोळाला भेटला," म्हणाला,
"शोरूममध्ये टांगलेला होता, म्हणून.
नाही पटला तर सात दिवसांत परत."
"पण बैठकीतला चांगला चालून राहिला न?"
"हा झोपायच्या खोलीसाठी," तो म्हणाला
आणि पाय धुवायला गेला, बराच वेळ.

पहिल्या रात्री तो कपाटाला टेकून होता.
माठाकडे जाताना त्याच्यात मी मला दिसले,
गाऊनमधली, बिनचेहऱ्याची,
आणि मागे पलंगावर एक ढीग, तो भास्कर.

दुसऱ्या दिवशी खाली फरशीवरच लावून पाहिला.
दुकानाची सवय सुटली नव्हती त्याची.
मासे, निळे, केशरी, पुन्हा मासे,
आणि तळाशी सरकणारी पट्टी: आजच खरेदी करा.
डाव्या कोपऱ्यात एक ठिपका, मोहरीएवढा, कायम हिरवा.
"हे पाहिलं होतं का?"
"पाहिलं न. त्याचेच तर दोन हजार अजून कमी केले."

मग मी हिशोब मांडला, दोन दिवस मांडत होते:
कूलरची मोटर, मार्च लागला आहे,
जाळ्यांत नवं गवत, टाकीची गळती,
पल्लवीच्या होस्टेलचे पैसे.
तो सगळ्याला हो म्हणत होता,
जसा तो तेव्हाच म्हणतो
जेव्हा त्याला वेगळंच काही सांगायचं असतं.

पाचव्या रात्री दिवा मालवून पडलो होतो.
साडेनऊ झाले असतील.
आणि मला कळलं
की काहीच ऐकू येत नाही.

अकरा वर्षं या भिंतीपलीकडे
रामटेके काकांचा टीव्ही बोलायचा.
काकांना कमी ऐकू यायचं, म्हणून आम्हाला पूर्ण.
एक सासू होती, वाटीत चमचा फिरवल्यासारखा आवाज.
भास्कर म्हणायचा, हिचा एक दात सोन्याचा आहे.
मी म्हणायची, थोरला पोक काढून चालत असणार.
वकिलाला आम्ही माझ्या ऑफिसातल्या
वैरागडे साहेबांचं पोट दिलं होतं.
कूलर सुरू झाला की त्याच्या घरघरीत
कथेचे तीन महिने वाहून जायचे.
जुलैत कान लावावा तर कुणी मेलेलं,
कुणाचं लग्न लागलेलं,
आणि आम्ही एकाच उशीवर डोकी आणून
मधलं सगळं जुळवत बसायचो.
फारच चढला आवाज
तर भास्कर भिंतीवर ठोकायचा, दोनदा.
काका पलीकडून ठोकायचे, तीनदा.
त्यांना वाटायचं, आम्ही रामराम करून राहिलो.

दिवाळीनंतर मुलीनं त्यांना रायपूरला नेलं.
दाराला कुलूप, कुलपाला पिशवी बांधलेली.

"त्याच्यासाठी आणला का?" मी अंधारात विचारलं.
"कोणाच्यासाठी?" भास्कर म्हणाला
आणि कुशीवर वळला, भिंतीकडे.

सहाव्या दिवशी आम्ही टीव्हीबद्दल बोललो नाही.
पोहे केले होते, वर तर्री जरा जास्तच झाली,
त्याबद्दल बोललो.

आज सकाळी दुकानातून फोन:
"ताई, माणूस पाठवून राहिलो.
न्यायला पाठवू की टांगायला?"
मी म्हटलं, पाठवा.

पोरगा आला, कानावर पेन्सिल, खांद्याला ड्रिलची बॅग.
"कोणती भिंत?"
भास्करनं दाखवली. दुसरी कोणती दाखवणार.
"पोकळ तर नाही न," पोरगा म्हणाला
आणि बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं,
दोनदा.

आम्ही पलंगाच्या दोन बाजूंना उभे.
खाली भंगारवाला ओरडत गेला.
पोरानं मशीनचा प्लग लावला, आमच्याकडे पाहिलं.
"मारू का होल?"
भास्कर काही बोलेना.
मी हात वर केला,
थांब रे जरा.