वाफसा

बेसा रोडच्या प्लॉटवर
पहिल्या वर्षी मी मातीशी भांडले.
मे महिन्यातल्या एका भेगेत
गेटची चाबी पडली ती गेलीच.
टिकास मारली, तर ठण्ण.
ऑगस्टात तीच माती चप्पल धरून बसली,
मी अनवाणी घरात आले.

कुणीतरी म्हणालं, रेती घाला.
कन्हानची अर्धी ट्रॉली घातली.
दिवाळीपर्यंत वाफ्याची वीट झाली,
तिच्यावर मोगरा उभा,
बसा म्हटलं तरी न बसणाऱ्या पाहुण्यासारखा.

इकडे हे, निवृत्त मीटर रीडर,
हॉलच्या भिंतीतल्या तड्यावर
पेन्सिलीनं तारखा लिहितात.
वीस मे, इथपर्यंत.
एकोणीस ऑगस्ट, मिटला.
बिल्डर म्हणाला होता, खाली सगळा मुरूम आहे.
खाली काय आहे ते
वर्षातून दोनदा भिंत सांगते.

सांबार विकणारी सायत्राबाई ठवरे
टोपलं उतरवून वाफ्यात उकिडवी बसली.
"खराब नाही, कंजूस हाय.
भेटते ते धरून ठेवते.
ओली असन त पाय नोको ठेवू, बाई,
वाळली असन त टिकास नोको मारू.
मधात चार दिवस भेटते, ते पाहून ठेव."
मूठ वळली, गोळा केला, बोटानं टोचला.
बोट रुतलं. गोळा तसाच.
"आज नाही," म्हणाली,
आणि दहाच्या दोन जुड्या देऊन गेली.

मग तुरीचं कुटार, हिंगण्याहून, स्कूटीवर पायाशी.
संत्र्याची सालं चौकातल्या ज्यूसवाल्याची;
तो विचारतो, ताई, गाय पाळली का?
कडुलिंबाचा पाला,
कॉलनीवाल्यांनी काडी लावायच्या आधी पोचावं लागतं.
शेणखत जुनं, वास गेलेलं.
ताज्यानं मी एक लिंबू मारलंय,
त्याचं खोड अजून काढलं नाही.
सगळं वर पसरलं.
खणलं नाही. दोन वर्षं
नुसतं वर पसरत राहिले.

परवा, पाऊस थांबून नऊ दिवस झालेले,
मूठ वळली.
गोळा झाला. बोट लावलं मात्र,
झुणका मोकळा होतो तसा झाला,
आणि आतून एक गांडूळ,
उजेडात आणलं म्हणून नाराज.

अहो, अशी हाक मारली.
हे आले. चष्मा वर करून
माझ्या तळहाताकडे पाहत राहिले बराच वेळ,
कानामागची पेन्सिल काढली,
आणि इकडेतिकडे बघू लागले.
लिहायला जवळ भिंत नव्हती.