अकरा चाळीस, ऐरोली

गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून
जिन्याच्या छपरापर्यंत तांब्याची एक तार आहे.
सेक्रेटरी म्हाप्रळकर तिला कपड्यांची दोरी समजतात.
मी समजू देते,
मधूनमधून एखादा टॉवेलही टाकते.

चारशे किलोमीटरला थोडं कमी, खाली दक्षिणेला,
शिरोड्यात मंदाकिनी तोरसकर.
तारघरात शेजारच्या टेबलांवर बसलो तेवीस वर्षं,
ती बोटांनी बोलायची, मी कानांनी.
तारघर गेलं. बोटं राहिली, कान राहिले,
आणि दोघींचे परवाने.

तिचं यंत्र एका वॅटचं.
देव्हाऱ्यातला लाल बल्बसुद्धा त्याहून जास्त खातो.
रात्री अकरा चाळीसला ती एक अक्षर पाठवते,
दर मिनिटाला तेच, बारा वेळा.
टिंब सहा सेकंदांचं, रेघ अठरा.
घाईतल्या माणसाला ते अक्षर वाटणारच नाही.

आणि मध्ये हा सगळा गोंगाट.
आता मी त्याला घरोघर ओळखते.
लिफ्ट वर जाताना खरवडते, उतरताना नुसती हुंकारते.
दुसऱ्या मजल्यावरचा एलईडी डासासारखा.
वर्तकांच्या माशांचा हीटर
दर चार मिनिटांनी थुंकतो.
खाडी ओलांडून आलेल्या विजेच्या जाड तारा
दमट हवेत रात्रभर तळण काढतात.
रबाळ्यात कुणाचं तरी वेल्डिंग, त्याची पाळी बाराला सुटते.
या सगळ्यांच्या खाली कुठेतरी मंदा.

कान टवकारून भागत नाही.
मी एकेका मिनिटाच्या पट्ट्या करते,
एकीवर एक ठेवते, बेरीज मांडते.
गोंगाटाचं स्वतःशीच एकमत नसतं;
आत्ता वर, मग खाली,
आपलंच आपण खात जातो.
मंदा मात्र दर पट्टीत तिथेच असते.
मिठागरातही असंच, तीच सांगायची:
पाणी अडवायचं, उन्हाला त्याचं काम करू द्यायचं.
ओंजळीत मीठ शोधत बसायचं नाही.

गेल्या भाद्रपदात एके रात्री
ती इतकी स्वच्छ आली की मी खुर्चीतून उठले.
आखूड, लांब, आखूड.
एका पट्टीत! बेरजेची गरजच नाही!
सकाळी फोन केला तर सुनेनं उचलला.
आई तीन दिवस सावंतवाडीच्या दवाखान्यात,
यंत्र जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं.

मनी वसे ते कानी वाजे.
पंधरा दिवस हेडफोनला हात लावला नाही.

बरी झाल्यावर नियम तिनंच घातला.
आजचं अक्षर आधी पोस्टकार्डावर लिहायचं,
कार्ड पेटीत टाकायचं, मगच किल्लीवर बोट.
मी इकडे वहीत लिहायचं, शाईनं,
खाडाखोड चालणार नाही.
कार्डं आठवड्यानं येतात.
पोस्टमन विचारतो, एवढंच?
चुकते मी. सातात दोनदा, कधी तीनदा.
उंबरठा खाली घेतला की नाही ते आत शिरतं,
वर नेला की तीच बाहेर ताटकळते.
किती उंच ठेवायचा, अजून ठरलेलं नाही.

काल एकोणीस तारखेचं कार्ड आलं.
एका अक्षराऐवजी अख्खी ओळ:
आज काही पाठवत नाही. बघू या.

वही काढायला भीतीच वाटली.
चष्मा दोनदा पुसला.
एकोणीस. बारा पट्ट्या. पुढे माझंच किरटं अक्षर:
लिफ्ट, मासे, तळण. मंदा नाही.

संध्याकाळी टॉवेल काढायला गच्चीवर गेले.
म्हाप्रळकर टाकीचा कॉक बघत होते.
म्हणाले, आज काय, एकदम खुशीत?
म्हटलं, हो ना,
शिरोड्याहून काही आलं नव्हतं.